दुकानातला कूलर: वीज-पाणी कमी, गारवा जास्त

मे महिन्यात कूलर दिवसभर फुल स्पीडवर, टाकी दोनदा भरावी लागते, तरी दुकानात चिकचिक. दोष बहुतेक वेळा कूलरचा नसतो. दमट हवेला बाहेर पडायला वाटच नसते.

१. कूलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवा.
२. समोरचं दार किंवा झरोका वीतभर उघडा. फटीत कागदाची पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. नाही फडफडली तर फट वाढवा. हवा खेळती झाली की पंखा मधल्या स्पीडवरही पुरतो आणि पाणी कमी उडतं.
३. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासा, डासांची अंडी तिथेच चिकटतात. ते पाणी फरशी पुसायला घ्या.

आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कूलरमध्ये नको, क्षारांनी ताट्या (कूलरचे पॅड) लवकर बुजतात. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढाच.