अँटिबायोटिक आणि इम्युनिटी : या चुका टाळा

"अँटिबायोटिक घेतली की इम्युनिटी डाऊन होते" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकते. गोळीचा नेम बॅक्टेरियावर असतो, आपल्या पांढऱ्या पेशींवर नाही. पण आतड्यातले चांगले बॅक्टेरियापण त्यात मरतात, आणि खरी भानगड तिथेच आहे, कारण हेच बॅक्टेरिया फायबरपासून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि इम्युनिटी उगाच भडकत नाही. बरेचसे बॅक्टेरिया काही आठवड्यांत परत येतात, काहींना महिने लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिरवा शेंबूड दिसला की गोळी सुरू. मुलीच्या रुमालावर तो रंग बघून मीपण घाबरले होते. पण तो हिरवेपणा जंतूंचा नसतोच, आपल्याच न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) पेशींमधल्या लोह असलेल्या एका एन्झाइमचा असतो, म्हणजे शरीर स्वतःच लढतंय! साधी सर्दी व्हायरसची, तिथे अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही, चांगले बॅक्टेरिया मात्र फुकट जातात. ताप उतरून परत चढला, दम लागला किंवा दहा दिवसांनंतरही सुधारणा नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

उरलेल्या गोळ्या जपून ठेवून पुढच्या आजारात घेणं, हे तर प्लीज नकोच. कोर्स किती दिवसांचा ते डॉक्टर ठरवतील, आपण मधेच बंद करायचा नाही आणि वाढवायचापण नाही.

कोर्स चालू असताना जुलाब लागले तर पाणी आणि ओआरएस घेत राहा, पण जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पातळ होतंय, रक्त पडतंय किंवा ताप आहे, तर सी डिफ नावाच्या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं, चांगले बॅक्टेरिया कमी झाले की त्याला मोकळं रान मिळतं. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होतं हे, त्यामुळे "मागच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतली होती" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांचं औषध, घेतलं की सगळं भरून निघतं असंही नाही. 2018 च्या एका छोट्या अभ्यासात तर ते घेणाऱ्यांचे मूळचे बॅक्टेरिया उलट उशिरा परतले.

आणि लसीचं विचाराल तर बहुतेक लसींना अँटिबायोटिकची अडचण नाही. टायफॉइडची तोंडाने घ्यायची लस मात्र वेगळी, तिच्यात जिवंत बॅक्टेरिया असतात आणि गोळी त्यांनाच मारते, म्हणून शेवटच्या डोसनंतर निदान 3 दिवस थांबून मगच ती घ्या.