ट्यूब बदलली तरी लुकलुक थांबत नाही? या चुका टाळा

मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, ट्यूब घ्यायला जा, काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "पट्टी कुठली आहे?" पट्टी म्हणजे ट्यूब जिच्यात बसते ती फिटिंग. गिऱ्हाईक म्हणतं, "चार फुटी द्या." घोळ इथूनच सुरू होतो. लुकलुकणारी ट्यूब डोळ्यांना दिसते म्हणून तीच बदलली जाते. बिघाड मात्र बऱ्याचदा पट्टीत असतो.

टोकं काळी पडली असतील तर ट्यूब संपली. तिला दामटवत राहू नका, कारण स्टार्टर (ट्यूब पेटवणारी छोटी डबी) उगाच ठोके मारत राहतो आणि चोक (करंट आवरणारी कॉइल) तापतो. दोन्ही टोकं नारिंगी पेटून मधला भाग अंधाराच असेल तर स्टार्टर चिकटलाय. बटण बंद करून दुसरा स्टार्टर घाला, काम होतं. यातलं काहीच नसेल तर होल्डर बघा. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, होल्डरच्या पितळी पात्यांवर हिरवट थर चढतो. ट्यूब जागच्या जागी फिरवल्यावर लागली, तर समजा होल्डर गेलाय.

'चार फुटी' म्हणजे एकच माल नव्हे

जुनी जाड ट्यूब टी-१२: ३८ मिलिमीटर व्यास, ४० वॅट. नंतर आली टी-८: २६ मिलिमीटर, ३६ वॅट. दोघींच्या पिनांमधलं अंतर १३ मिलिमीटर, त्यामुळे चोक-स्टार्टरच्या साध्या पट्टीत दोन्ही चालतात. टी-५ वेगळीच. ती १६ मिलिमीटरची, पिना ५ मिलिमीटरवर, लांबीला थोडी कमी, आणि तिला इलेक्ट्रॉनिक चोक (सर्किटवाला, स्टार्टर न लागणारा) लागतो. वीज वाचेल म्हणून २८ वॅटची टी-५ आणली, तरी जुन्या पट्टीत ती बसणारच नाही.

वॅटचा हिशेबही अर्धवट केला जातो. साधा, तांब्याच्या तारेचा चोक स्वतःच १० ते १२ वॅट खातो, म्हणजे ४० वॅटची ट्यूब प्रत्यक्षात ५० च्या घरात जाते.

ऑफिसातल्या फॉल्स सीलिंगमधल्या पीएल दिव्यांत (दुमडलेल्या छोट्या ट्यूबच्या) नुसते वॅट सांगू नका, पिना मोजा. दोन पिनांच्या दिव्यात स्टार्टर आतच असतो, तो साध्या चोकवर चालतो. चार पिनांचा इलेक्ट्रॉनिक चोकसाठी असतो.

साडीच्या दुकानातला उजेड

दादरच्या दुकानात साडी घेऊन बायका दारापर्यंत रंग बघायला येतात, यात दोष त्यांच्या नजरेचा नाही. ट्यूबवरचा आकडा वाचा. ७६५ असेल तर ६५ म्हणजे ६५०० केल्विनचा पांढरा उजेड, आणि ७ म्हणजे रंग ओळखण्याचा निर्देशांक फक्त सत्तरीत. ८६५ चा पांढरेपणा तोच, पण निर्देशांक ऐंशीच्या वर. कपडे, भाजी, सोनं विकणाऱ्याने ७६५ घेऊच नये, असं माझं मत.

गाळ्यात लेथ असेल तर सावधान

ही चूक सगळ्यांत महागात पडणारी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवरच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मिनिटाला १५०० फेरे घेणारा चार जबड्यांचा चक (लेथवर माल पकडून फिरणारा भाग) उजेडाच्या दर ठोक्याला बरोबर पाव फेरा पुढे सरकतो, म्हणून तो थांबलाय असं वाटू शकतं. नवखा पोरगा हात घालायचा! मशीनवरच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाका किंवा इलेक्ट्रॉनिक चोक लावा. स्वस्त एलईडीही अशीच फडफडते, त्यामुळे नुसतं एलईडी केलं म्हणून निर्धास्त राहू नका.

सीएफएल

सीएफएल, म्हणजे आतच चोक असलेला छोटा फ्लुरोसंट दिवा, संडास-बाथरूममध्ये लावू नका. सतत चालू-बंद केल्याने तिचं आयुष्य घटतं, आणि ती पूर्ण उजेडावर येईपर्यंत आपलं काम आटोपलेलं असतं. बंद काचेच्या गोळ्यात ती तापते, साध्या डिमरवर तर नकोच. बटण बंद असूनही मधूनच लुकलुकत असेल तर भूतबीत काही नाही: बटणातला छोटा इंडिकेटर दिवा किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं बटण. हे दुसरं जुन्या चाळींच्या वायरिंगमध्ये सापडतं आणि धोक्याचं आहे, कारण बटण बंद करूनही होल्डरात करंट राहतो. वायरमनला दाखवा.

चोक जळला तर?

नवा घेऊ नका. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी २०२३ मध्ये अशा फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलंय, भारतही त्या करारात आहे. चालू ट्यूब सुखाने चालू द्या, पण नव्या खर्चाचे पैसे एलईडीत घाला. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब टाकून वायरिंग बदललं, तर पट्टीवर ठळक लिहून ठेवा. भाड्याच्या खोलीत पुढचा भाडेकरू साधी ट्यूब आणून खोचतो, आणि एकाच टोकाला फेज-न्यूट्रल दिलेलं असेल तर तिची फिलामेंट तिथल्या तिथे उडते.

काढलेली ट्यूब भंगारवाल्याला देऊ नका, आत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुटलीच तर पंखा बंद करा, खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा. दहा-पंधरा मिनिटांनी तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. झाडू मारू नका.