पावसाळा टाळलात, पण कुठला? अँटिलोप कॅन्यनला जाताना या चुका टाळा

आमच्या लहानपणी गोव्यातल्या साखळी गावात एक नियम होता. अंगणात लख्ख ऊन असलं तरी चोर्ला घाटाच्या बाजूला काळोख दिसला की वाळवंटी नदीत पोहायला उतरायचं नाही. पाणी आधी गढूळ व्हायचं, मग त्यावरून काटक्या-पाचोळा वाहत यायचा, आणि मग नदी भराभर चढायची. हा नियम मी जन्मभर पाळला, आणि अ‍ॅरिझोनातली घळ बघायला निघालो तेव्हा साफ विसरलो. मुलीने पुराचं नाव काढलं तर मी हसून म्हणालो, "वाळवंटात कसला गं पूर?" आपल्या नदीचं नावच वाळवंटी आहे आणि तिला दर पावसात पूर येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

अँटिलोप कॅन्यन ही अ‍ॅरिझोनात पेज गावाजवळ, नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या जमिनीवर असलेली अरुंद घळ. खरं तर अप्पर आणि लोअर अशा दोन. तांबूस वालुकाश्मात पाण्याने कोरलेल्या लाटांसारख्या भिंती, 35-40 मीटर उंच, आणि काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंना टेकतील एवढीच रुंदी. गाइडशिवाय आत सोडत नाहीत. गोव्यातून लेकीकडे, लेकाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांच्या यादीत ही घळ हल्ली असतेच. मला फोन येतो तो एकाच प्रश्नाचा: कधी जाऊ? त्याआधी मी विचारतो, "तुम्हाला सुटी कधी आहे?" कारण पहिली चूक तिथेच होते.

आपला पावसाळा टाळण्यासाठी त्यांच्या पावसाळ्यात जाणं

आपल्याकडे हॉटेल, टॅक्सी, शॅकवाल्यांना फुरसत मिळते ती जून ते सप्टेंबर. इथे नाहीतरी धंदा थंड, मग जाऊन येऊ अमेरिकेला. पण त्या भागातही याच दिवसांत पाऊस असतो, आणि ते लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. तिथलं हवामान खातं 15 जून ते 30 सप्टेंबर हा त्याचा काळ धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये जोर जास्त, आणि ढग बहुधा दुपारनंतर उठतात.

आता कुणी म्हणेल, पाऊस तो केवढा? पेजला वर्षभरात 200 मिलिमीटरही पडत नाही. गोव्यात सुमारे 3000 पडतो. आपल्याला हा आकडा हास्यास्पद वाटतो, आणि फसगत इथेच होते. आपल्या डोंगरावर झाडी आहे, माती आहे, पाणी मुरतं, अडतं. तिथे उघडा खडक आणि भाजून घट्ट झालेली जमीन. पडलेलं पाणी मुरत नाही, सगळं उताराने एका नाळेत जमतं, आणि ती नाळ म्हणजे तुम्ही ज्या घळीत फोटो काढत उभे आहात तीच. कौलांवरचं सगळं पाणी एकाच पन्हळीतून पडावं तसं.

12 ऑगस्ट 1997 ला लोअर अँटिलोपमध्ये 11 पर्यटक असेच वाहून गेले. घळीच्या तोंडाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ झालं ते वरच्या अंगाला, काही किलोमीटरवर. आतल्या माणसाला आभाळाची एक चीर तेवढी दिसते, आणि ती चीर निळी असली तरी तिचा काही उपयोग नाही. तेव्हा आत लाकडी शिड्या होत्या, आता लोखंडी जिने खडकात ठोकून बसवलेत आणि वादळाची चाहूल लागली की फेऱ्या थांबवतात. गाइडने हे सांगितलं तेव्हा मला चोर्ल्याचा काळोख आठवला आणि मुलीकडे बघायची लाज वाटली.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? 2024 च्या जुलैत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाळीच्या धबधब्यावर पाणी वाढून 80 च्या आसपास माणसं अडकली होती. त्यांनाही जाताना वाट सरळच दिसली असणार.

जुलै-ऑगस्टशिवाय गत्यंतरच नसेल तर सकाळची पहिली फेरी घ्या आणि आदल्या रात्री अमेरिकी हवामान खात्याचा त्या भागाचा अंदाज बघा. अचानक पुराच्या शक्यतेला ते चार पायऱ्यांत शब्द देतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. फेरी रद्द झाली तर काउंटरवर वाद घालू नका. "पण इथे तर ऊन आहे" हे वाक्य त्या माणसाने दिवसातून पन्नासदा ऐकलेलं असतं.

फोटो बघून तारीख काढणं, महिना न बघता

माझी स्वतःची चूक ही. आम्ही दिवाळीच्या सुटीत, नोव्हेंबरमध्ये गेलो. हवा छान, गर्दी कमी. आत गेल्यावर मी शोधत राहिलो तो जगप्रसिद्ध कवडसा: वरच्या फटीतून थेट वाळूवर टेकलेला उजेडाचा खांब. नव्हताच. गाइड म्हणाला, सहा महिन्यांनी या.

कारण साधं आहे, पण आपल्या सवयीच्या आड येतं. गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. भर डिसेंबरातही दुपारी तो क्षितिजापासून 51 अंश वर असतो. पेज आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला. तिथे जूनमध्ये सूर्य 76 अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरात जेमतेम 30. एवढ्या तिरप्या उन्हाला अरुंद फटीतून तळ गाठता येत नाही. त्यामुळे अप्परमधला कवडसा साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तोही सकाळी 11 ते दुपारी दीडच्या दरम्यान. पेजच्या घड्याळात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, तेव्हा "बारा म्हणजे मध्यान्ह" हा हिशोबही सोडा. जुन्या घरात काचेच्या कौलातून माजघरात उतरणारा कवडसा ज्यांनी बघितलाय त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको: हवेत धूर किंवा धूळ असेल तरच तो खांबासारखा दिसतो.

लोअरची गोष्ट वेगळी. अप्पर वर चिंचोळी आणि खाली रुंद, लोअर नेमकी उलट. तिथे कवडशांपेक्षा अधिक आशा करायची ती रंगाची, आणि त्यासाठी दुपारच्या बाराची मारामारी नको. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवरून भिंतीवर उडत खाली येतं तेव्हा केशरी, गुलाबी, अगदी खाली जांभळा असे थर दिसतात. मला नोव्हेंबरमध्ये जो जांभळा दिसला तो मी विसरणार नाही. पण मी तो बघायला गेलो नव्हतो, हे खरं.

मग महिना कुठला? माझं मत मे. कवडसा मिळतो, पाऊस सहसा नसतो, आणि उन्हाचा तडाखा अजून जूनच्या मानाने सोसतो. एप्रिलही चालेल, पण तेव्हा वारा फार. वरून वाळू डोळ्यांत आणि कॅमेऱ्यात. नाताळला जाणाऱ्यांनी रात्री पारा शून्याखाली जातो हे ध्यानात ठेवावं. पणजीच्या डिसेंबरचा स्वेटर तिथे रुमालासारखा आहे.

घड्याळावर विश्वास ठेवणं

आमची फेरी मुळात चुकलीच होती. लास व्हेगासहून पहाटे निघालो, साडेचार तासांचा रस्ता. माझ्या फोनवर इथलंच सिम, रोमिंग बंद, घड्याळ व्हेगासच्या हॉटेलच्या वायफायवर लागलेलं. सव्वादहाला पोचलो म्हणून मी चहाचं बघत होतो. काउंटरवर सव्वाअकरा झाले होते आणि आमची पावणेअकराची फेरी निघून गेली होती. दुपारची जागा मिळाली ती कुणी आलं नाही म्हणून.

भानगड अशी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. अ‍ॅरिझोना राज्य 1968 पासून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. लास व्हेगास करतं. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत पेज एक तास पुढे. त्यात नावाहो प्रदेश, अ‍ॅरिझोनात असूनही, घड्याळ पुढे करतो. पण अँटिलोपच्या फेऱ्या नावाहो जमिनीवर असूनही पेजच्या, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतात. वरून शेजारच्या युटा राज्याची हद्द जवळ, तीही उन्हाळ्यात एक तास पुढे. फोनने जो टॉवर पकडला त्याची वेळ तो दाखवतो, आणि पेजमध्ये उभ्या उभ्या तासाची उडी मारतो. उपाय: फोनची आपोआप वेळ बंद करा, फिनिक्सची, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या राजधानीची वेळ हाताने लावा, आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा. उन्हाळ्यात इथून पुढे मॉन्युमेंट व्हॅलीला जाणार असाल तर तिथे एक तास पुढे धरा, कारण ती नावाहो वेळेने चालते. नाहीतर तिथे उशीर होतो.

थोडक्यात उरलेलं

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर लोअर नको, तिथे उभे लोखंडी जिने आहेत. अप्परमध्ये आतला तळ सपाट आहे. ट्रायपॉड आणि पाठीवरच्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्या गाडीतच ठेवा.

पेजला एकच रात्र काढू नका. दोन काढा आणि फेरी पहिल्याच सकाळची ठेवा, म्हणजे ती रद्द झाली तर दुसरा दिवस हातात राहतो. बुकिंग करताना पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या. आम्ही पुन्हा मेमध्ये जायचं म्हणतोय. मुलीने अप्परची साडेअकराची फेरी बघून ठेवलीय आणि फिनिक्सची वेळ लावलेलं एक स्वस्तातलं घड्याळ मला आधीच पाठवून दिलंय. ते मी आत्तापासूनच वापरतो, आणि दुपारी जेवायला बोलावलं की बायकोला सांगतो, अजून मध्यरात्र आहे.