सोमाइट मोजताना: गर्भ लहान, तर तुकडे कमी की बारीक?

ताट लहान असलं की पाटवड्या कमी निघतात, कारण वडीची रुंदी हाताला ठरलेली असते. सोमाइट, म्हणजे गर्भाच्या पाठीत दोन्ही बाजूंना जोडीने पडणारे आणि पुढे कणा घडवणारे पेशींचे तुकडे, या हिशेबाने पडत नाहीत. जोनाथन कुक यांनी १९७५ मध्ये झेनोपस बेडकाचे गर्भ लहान करून पाहिले, तेव्हा सोमाइट जवळपास तितकेच पडले, फक्त आखूड. त्यामुळे कोंबडीच्या गर्भात नुसती संख्या मोजून भागत नाही, लांबीही हवी.

दुकानातली फार्मची अंडी फलित नसतात. हॅचरीतून आणा. मे महिन्यात नागपुरात पहिला घोळ इथेच होतो: साधारण २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि दुपारी डिकीतून आलेल्या डझनात प्रत्येक अंडं वेगळ्या टप्प्यावर असतं. थर्माकोलच्या डब्यात आणून १५-१६ अंशांवर ठेवा, आठवड्यात वापरा. कूलरची हवा पुरत नाही, आणि घरचा ४ अंशांचा फ्रिज तर नकोच.

इन्क्युबेटरमध्ये अंडी आडवी ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलची खूण करा. ३८ अंशांवर ३३ ते ३८ तासांत सोमाइटच्या दहाएक जोड्या दिसतात. अंडं पेट्री डिशमध्ये फोडा, गर्भावरचा घट्ट पांढरा भाग टिश्यूने अलगद पुसा. तो राहिला तर कागद चिकटत नाही. मधोमध १ सेंमी भोक पाडलेला फिल्टर पेपर वर ठेवा, कडेने कापा, उचलून ०.७२ टक्के मिठाच्या पाण्यात धुवा.

फोटो एकाच मॅग्निफिकेशनवर, गर्भ ओला असताना. सुकला की आकसतो. पहिली जोडी पुसट आणि शेवटची अर्धवट असते, दोन्ही सोडा. मधल्या पाचांची सरासरी घ्या. शिवाय शेवटच्या सोमाइटपासून हेन्सेनच्या गाठीपर्यंतची (गर्भाच्या मागच्या बाजूची पेशींची जाड गाठ) अखंड, अजून तुकडे न पडलेली पट्टीही मोजा. सोमाइटची लांबी भागिले ही पट्टी, हा आकडा लहान-मोठ्या गर्भांत सारखाच आला, तर तुकडे मापाप्रमाणे पडताहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तासांवरून तुलना. कोंबडीत दर ९० मिनिटांना जोडी पडते, पण तापमान घसरलं की वेग मंदावतो. रात्री लाइट गेली की संख्या कमी भरते आणि दोष आकाराच्या माथी जातो. लांबी मात्र फारशी हलत नाही, निदान झेब्राफिशमध्ये तरी, कारण तुकडा कधी पडायचा हे ठरवणारं पेशींतलं घड्याळ आणि तो कुठे पडायचा हे ठरवणारी, मागे सरकणारी लाट दोन्ही सोबतच मंदावतात. म्हणून दहा जोड्यांचा गर्भ दहा जोड्यांच्याच शेजारी ठेवा.