खुराड्याभोवतीच्या माश्या आणि किडे: या चुका टाळा, नाहीतर माशी राहील आणि कोंबडी जाईल

परसात चार-सहा कोंबड्या पाळल्या की दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाचा तोच प्रश्न येतो, "माश्या फार झाल्यात, कुठला स्प्रे मारू?" मी दरवेळी उलट विचारते की पाण्याचं भांडं कुठे ठेवलंय, आणि समोरच्याला वाटतं ही बाई विषय बदलतेय. अहो विषय तोच आहे. तुम्हाला उडताना दिसतात त्या माश्या म्हणजे त्या सगळ्या गोतावळ्याचा छोटासा भाग, बाकीचं खटलं अंडी, अळ्या आणि कोष होऊन खाली ओल्या भुशात सुखाने नांदतंय. एक मादी एका वेळी ७५ ते १५० अंडी घालते, गरम हवेत दिवसभरात त्यातून अळी निघते आणि सात ते दहा दिवसांत नवी माशी तयार. म्हणजे रविवारी स्प्रे मारलात की पुढच्या रविवारी दुसरी बॅच हजर. मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

चूक पहिली: माशीच्या मागे विष घेऊन धावणं

ही मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा लांबवते, कंटाळा आला तर खाली जा.

सुरुवातीचं वर्ष होतं, सहा कोंबड्या होत्या, उन्हाळा, आणि माश्या इतक्या की अंडी गोळा करताना हातावर बसायच्या. मला धीर नव्हता. कुणीतरी सांगितलं दाणेदार औषध मिळतं, ताटलीत टाकून ठेवायचं, माशी खाते आणि जागेवर मरते. आणलं. कोंबड्यांना पोचणार नाही म्हणून ताटली खुराड्याच्या वरच्या फळीवर ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले. दोन गोष्टी डोक्यातच आल्या नाहीत. एक, ते दाणे गोड असतात, रंगीत असतात आणि आकाराने अगदी खाद्यासारखे दिसतात, आणि कोंबडी ही दिसेल त्याला चोच मारणारी जात. दोन, फळीवर कोंबडी चढते, त्यात काय नवल! सकाळी ताटली खाली उलटी पडलेली आणि दोन कोंबड्या मेलेल्या. तिसरीच्या चोचीतून लाळ गळत होती, पाय लटपटत होते, मान थरथरत होती. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले बाकी नंतर सांगा, आधी पाकीट घेऊन या. पाकीट मी फेकलं नव्हतं हे नशीब. औषध कुठल्या जातीचं ते त्यावरून कळलं, त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं आणि ती वाचली. उरलेल्या तिघी दुसऱ्या कोपऱ्यात होत्या म्हणून सुटल्या, पण त्यांनी काय टिपलं काय नाही ते कोण सांगणार, म्हणून डॉक्टर म्हणतील तितके दिवस सगळी अंडी फेकली.

आणि माश्या? तितक्याच!

त्या संध्याकाळी रागारागाने पाण्याच्या भांड्याखालचा भुसा फावड्याने उलटला. वरून कोरडा दिसत होता, खाली दोन बोटं काळा चिखल आणि तो चिखल अक्षरशः हलत होता. भांड्याची कड चिरली होती, थेंब थेंब गळत होतं, बस एवढंच. भांडं बदललं, विटांवर चढवून कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणलं म्हणजे त्या त्यात पाय घालत नाहीत, ओला भुसा काढून झाकला आणि तिथे कोरडा टाकला. पहिले चार दिवस काही फरक दिसला नाही, कारण आधीच कोषात गेलेल्या माश्या निघायच्याच होत्या, पण तीनेक आठवड्यांत माश्या मोजण्याइतक्या उरल्या. एक पैशाचं औषध न घालता.

यातलं गणित सोपं आहे. ताज्या शिटेत जवळजवळ पाऊण भाग पाणीच असतं आणि अळीला तेवढीच ओल लागते. ओल ३० टक्क्यांच्या खाली गेली की तिचं जगणं कठीण. माझ्याकडे मीटर-बिटर काही नाही, रोज सकाळी मूठभर भुसा हातात घट्ट दाबते, मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, लाडू वळला तर त्या जागी खालपर्यंत खणते. हात घाण होतात, मग धुवायचे. ज्यांना हात घाण करायचे नाहीत त्यांनी कोंबड्या का पाळाव्यात हे मला कळलेलं नाही.

याचीच भावंडं दोन. खुराड्याच्या दारात वासाचा सापळा टांगणं: त्या वासाला लांबलांबच्या माश्यापण येतात, तुम्ही त्यांना घरचं आमंत्रण देताय. सापळा लावायचाच तर वीस-पंचवीस फूट लांब. आणि चिकट पट्टी कोंबडीच्या उंचीला लावणं: पट्टीला माशी चिकटते, माशीला टिपायला कोंबडी जाते, मग पट्टी कोंबडीच्या तोंडाला आणि पिसांना. सोडवायला अर्धा दिवस जातो, अनुभव आहे.

चूक दुसरी: दर आठवड्याला सगळं खरवडून पाण्याने धुणं

स्वच्छतेचं वेड असलेले लोक हे हमखास करतात आणि वर "मी तर रोज धुते तरी माश्या" असं म्हणतात. धुते म्हणूनच ना! पाणी फटीत मुरतं, खालची जमीन ओली राहते, त्यावर नवीन शिट पडली की झालं. शिवाय जुन्या कोरड्या थरात माशीची अंडी आणि अळ्या खाणारे बारीक भुंगे, कोळीवर्गातले किडे, कोषात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या असं बरंच फुकटचं मनुष्यबळ राहत असतं. सगळं खरवडलंत की तेही गेलं, आणि माशी परत येते दोन दिवसांत, तिच्या शत्रूंना वेळ लागतो. कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्यांच्या खालची शिट मी दिवसाआड उचलते, बाकी भुशाची कोरडी गादी खालीवर करते आणि मोठी सफाई कोरड्या हवेत, त्यातही तळाचा थोडा कोरडा थर तसाच ठेवून. काढलेली शिट खुराड्याला टेकून ढीग करून ठेवू नका हे सांगायला लागू नये, पण लागतं. लांब न्या, वाळलेला पाला मिसळून झाका, ढीग आतून चांगला तापला की अळ्या त्यात टिकत नाहीत. कडेला ढीग गार राहतो, म्हणून अधूनमधून कडेचं आत ढकला.

ओल्या शिटेवर चुना भुरभुरवणारे पण आहेत. अमोनियाचा असा भपका उठतो की तुमचेच डोळे झोंबतील, कोंबडी तर रात्रभर त्यातच बसणार आहे.

चूक तिसरी, माझी नावडती: किडा दांडीवर आणि पावडर कोंबडीवर

कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला टाळाटाळ करतात, तुरे फिकट पडतात, अंडी कमी होतात. मग मालक दुपारी कोंबडी धरून पिसं उलटून बघतो, काही दिसत नाही, तरी "उवा असतील" म्हणून पावडर चोळतो. आठवड्याने परत. मी दीड महिना हेच केलंय. एका रात्री खुराड्यातून विचित्र कुरकुर ऐकू आली म्हणून टॉर्च घेऊन गेले आणि दांडीखालून पांढरा कागद ओढला, तर कागदावर रक्ताचे फराटे. लाल माइट, म्हणजे कोळीवर्गातला रक्त पिणारा बारीक किडा. हा प्राणी दिवसा कोंबडीवर नसतोच, दांडीच्या टोकाला, खिळ्यापाशी, फळ्यांच्या सांध्यात लपतो आणि रात्री येऊन रक्त पिऊन परत जातो. दिवसा तिथे फक्त राखेसारखी करडी भुकटी दिसते, लोकांना ती धूळ वाटते. गोचिडाचीही एक जात अशीच फटीत राहते आणि रात्री चावते, तिच्यामुळे कोंबड्यांना जीवघेणा तापही येतो.

तेव्हा औषध फटीला, कोंबडीला नंतर. कोंबड्या बाहेर काढायच्या, दांड्या उपसून उन्हात आणायच्या, उकळतं पाणी सांध्यांवर ओतायचं, सगळं खडखडीत वाळू द्यायचं, फटी बुजवायच्या आणि दांडीच्या टोकांना खायचं तेल चोपडायचं. आणि हेच पाच-सहा दिवसांनी परत, मग अजून एकदा, कारण अंडी पहिल्या फटक्यात मरत नाहीत आणि माइटची पिढी गरम हवेत आठवड्याभरात तयार होते. इथेच घाईवाले नापास होतात, एकदा केलं, चार दिवस बरं वाटलं, सोडून दिलं. "खुराडं महिनाभर रिकामं ठेवतो" हाही उपाय नाही, थंड जागी माइट काही महिने उपाशी राहते, गोचीड तर त्याहून लांब तग धरतो.

खऱ्या उवा कोंबडीच्याच अंगावर राहतात, गुदाभोवती आणि पंखांखाली बघा, पिसांच्या बुंध्याशी पांढरे गठ्ठे दिसतील त्या लिखा. तिथे पावडर ठीक, पण दहा दिवसांच्या आत दुसरा हात द्यायचाच.

आता शॉर्टकटवाल्यांसाठी. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडाचे थेंब कोंबडीला टाकू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं आणि ते अंड्यात उतरतं. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये माइटसाठी फवारलेल्या द्रावणात हेच बेकायदेशीरपणे मिसळलेलं निघालं आणि युरोपभर लाखो अंडी दुकानातून परत काढावी लागली. कोंबडीसाठीचं औषध असलं तरी त्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत ते लिहिलेलं असतं, ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर ते तुमच्या कोंबडीसाठी नाहीये.

बाकीच्या पटापट

डांबर गोळ्या खुराड्यात: विष आहे, काढा.

फिनेलने फरशी पुसून लगेच दार बंद: वास कोंडतो, कोंबडीची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार नाजूक.

अंघोळीच्या मातीत राख: कोरडी लाकडाची राख चालते, रंग दिलेल्या लाकडाची किंवा प्लास्टिक जाळलेली नाही, आणि ओली झाली की बदला, ओली राख कातडी जाळते.

खवले सुटलेल्या पायांना रॉकेल किंवा जळकं ऑइल: माणसाच्या पायाला लावाल का? साधं खायचं तेल नाहीतर पेट्रोलियम जेली, दर दोन दिवसांनी, आणि महिनाभर धीर.

रात्रभर खाद्य उघडं: उंदीर येतोच. संध्याकाळी उचला, पत्र्याच्या डब्यात ठेवा. मग लोक उंदराचं विष ठेवतात, विष खाल्लेला उंदीर अंगणात लडखडतो आणि कोंबडी त्याला टोचून खाते, हिशोब तुम्हीच करा. कोंबडीची षटकोनी जाळी उंदराला अडवत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा. छोट्या उंदराला तर पेनाच्या जाडीएवढी फटही पुरते, तेव्हा फटी बुजवाच.

मेलेला उंदीर किंवा पक्षी दिसला तर लगेच उचला. सडक्या मांसावरच्या अळ्यांतून बोट्युलिझमचं, म्हणजे अंग लुळं पाडणारं, विष कोंबडीच्या पोटात जातं आणि मान लुळी पडते.

शेवटचं, कारण हे उशिरा लक्षात येतं. जुलाब होऊन मागची पिसं चिकटलेली कोंबडी माशीच्या दिवसांत तशीच सोडू नका. माशी तिथे अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात, वरून फक्त ओलं दिसतं, जवळ गेलं की वास येतो. रोज संध्याकाळी मोजताना मी मागच्या बाजूवर एक नजर टाकते. सापडलं तर पिसं कात्रीने कापा, कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, चिमट्याने एकेक अळी काढा, कोरडं करा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा कारण एखादी राहतेच. जखम खोल असेल तर डॉक्टर. आणि तिला बाकीच्यांपासून वेगळी, जाळीने झाकलेल्या जागेत ठेवा, लाल जखम दिसली की तिच्याच मैत्रिणी टोचून टोचून मोठी करतात.