डबीवरचा ससा आणि लिपस्टिकमधला किडा: ब्रँड क्रुएल्टी-फ्री आणि व्हेगन आहे का, हे कसं तपासावं

बेळगावात गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात एखाद्या शृंगाराच्या दुकानात "ही लिपस्टिक व्हेगन आहे का?" असं विचारून बघा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "आहे की ताई, हा बघा हिरवा ठिपका. खरं ह्या शेडची एकच राहिलीय, घेऊन टाका." दुकानदार फसवत नसतो. त्याला डबीवर जे दिसतं तेच तो सांगतो. पण त्या ठिपक्यावरून आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, म्हणून तपास आपणच करावा लागतो. फोन हाताशी असेल तर तो फार अवघड नाही.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून घ्या. माल किंवा त्याचे घटक प्राण्यांवर तपासले का, हा क्रुएल्टी-फ्रीचा प्रश्न. मालात प्राण्यापासून आलेलं काही आहे का, हा व्हेगनचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. मधमाशीच्या मेणाचा लिप बाम कुठल्याही सशाच्या अंगाला न लावता तयार झालेला असू शकतो, आणि निव्वळ वनस्पतींच्या क्रीममधला एखादा घटक प्रयोगशाळेत सशांवर तपासलेला असू शकतो. दुकानात हे दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारले जातात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कायद्याने काय आधीच झालंय, ते माहीत असू द्या

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला मे २०१४ पासून बंदी आहे. अशी चाचणी केलेला माल आयात करायलाही त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बंदी आली. युरोपीय संघाने ११ मार्च २०१३ पासून अशा मालाची विक्रीच थांबवली. तेव्हा इथेच बनलेल्या आणि इथेच विकल्या जाणाऱ्या काजळावर 'प्राण्यांवर चाचणी नाही' असं ठळक छापलं असेल, तर कंपनी एवढंच सांगतेय की ती कायदा पाळते. त्यासाठी पंचवीस रुपये जास्त मोजायचं कारण नाही.

तरी फटी राहतात. एखादा घटक सौंदर्यप्रसाधनाबरोबर रंग-रसायनांच्या उद्योगातही लागत असेल, तर रसायनांच्या वेगळ्या कायद्याखाली त्याची चाचणी झालेली असू शकते. दुसरी फट परदेशातल्या विक्रीची. चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांना कित्येक वर्षं प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. १ मे २०२१ पासून शाम्पू, लिपस्टिक अशा साध्या मालाला, उत्पादनाच्या दर्जाची सरकारी प्रमाणपत्रं आणि सुरक्षिततेचा अहवाल दिला तर, सूट मिळू शकते. केसांचा रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम असा माल मात्र 'विशेष' गटात धरला जातो आणि त्याला ती सूट नाही. म्हणून मोठ्या परदेशी ब्रँडच्या बाबतीत 'चीनमध्ये विकता का, आणि काय विकता?' हे विचारायलाच हवं.

ससा कोणाचा आहे ते बघा

डबीवर ससा कोणीही काढू शकतो. कान वर केलेला, पानात बसलेला, हृदयाच्या आकारातला. चित्र गोड आहे म्हणून विश्वास ठेवू नका. प्रमाणपत्राचा ससा देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत.

'लीपिंग बनी' म्हणजे उडी मारणारा ससा. अमेरिकेत १९९६ मध्ये प्राणीहिताच्या संस्थांनी एकत्र येऊन हा कार्यक्रम सुरू केला. यात कंपनीला एक तारीख ठरवावी लागते, त्या तारखेनंतर कच्चा माल पुरवणाऱ्यांनीही चाचणी करायची नाही, दरवर्षी पुन्हा हमी द्यायची आणि बाहेरच्या तपासणीला तयार राहायचं. 'पेटा' या प्राणीहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीने भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आणि लेखी हमीवर चालते. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण तिथे पुरवठादारापर्यंत हात पोचतो. पण पेटाच्या यादीचा एक फायदा आहे: चाचणी न करणारे ब्रँड आणि चाचणी न करता व्हेगनही असलेले ब्रँड तिथे वेगवेगळे दाखवलेले असतात. लीपिंग बनीचा ससा व्हेगनबद्दल काहीच बोलत नाही. व्हेगनसाठी ब्रिटनच्या व्हेगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह शोधा.

चिन्ह दिसलं म्हणून तिथेच थांबू नका. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव शोधा. डबीवर आहे आणि यादीत नाही, असं दिसलं तर ते चिन्ह नाहीच असं समजा.

आता हिरव्या ठिपक्याचं. तो मूळचा खाद्यपदार्थांचा. खाद्यपदार्थांच्या नियमात मांसाहारीची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख (किड्यांपासून मिळणारी राळ) चक्क वगळलेली आहे. म्हणजे या चारही गोष्टी असलेल्या मालावर हिरवा ठिपका बसू शकतो. साबणावर, पेस्टवर, लिपस्टिकवर तो दिसला तर तोच अर्थ धरून चाला: शाकाहारी असेल, व्हेगन असेलच असं नाही. निपाणी-चिकोडीकडच्या, मध न खाणाऱ्या जैन घरांतल्या बायकांना हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज पडत नाही.

घटकांची यादी वाचा. खरा वेळ इथेच द्या

पुढच्या बाजूला नाव कन्नडमध्ये असो की हिंदीत, मागची घटकांची यादी इंग्रजी-लॅटिन नावांचीच असते, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. लिपस्टिकची यादी बहुतेक वेळा बाहेरच्या खोक्यावर असते आणि दुकानात ते खोकं आधीच फेकलेलं असतं. खोकं मागा. नसेल तर ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर यादी बघा. ऑनलाइन विक्रेत्याने चिकटवलेली यादी कधीकधी दुसऱ्याच शेडची असते.

लाल, गुलाबी, मरून रंगात सगळ्यात आधी 'कार्माइन' शोधा. ते 'सीआय ७५४७०' (सीआय म्हणजे रंगाचा ठरलेला क्रमांक) किंवा 'कोचिनिअल' या नावानेही येतं. दक्षिण अमेरिकेत निवडुंगावर वाढणारे बारीक किडे वाळवून, कुटून हा रंग काढतात. तो कुठे दडतो तेही सांगते. यादीच्या शेवटी 'असू शकतात' अशा अर्थाचा एक कंस असतो, अधिक-उणेची खूण केलेला. एका मालिकेतल्या सगळ्या शेड्सचे रंग त्या एका कंसात कोंबलेले असतात. त्यामुळे एकाच ब्रँडची बदामी शेड व्हेगन आणि लाल शेड नाही, असं सहज होतं. कार्माइन त्या कंसात दिसलं, तर तुम्हाला हव्या त्या शेडचं नाव सांगून कंपनीलाच विचारा.

चमक देणारं 'ग्वानिन' म्हणजे 'सीआय ७५१७०' माशांच्या खवल्यांतून येतं. 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचं मेण, 'लॅनोलिन' म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, 'शेलॅक' म्हणजे लाख. केराटिन, कोलॅजन, सिल्क प्रोटीन यांची नावं वाचूनच कळतं, तरी 'वनस्पतिजन्य' असं स्पष्ट लिहिलंय का बघा. साबणावर 'सोडियम टॅलोवेट' असेल तर ती जनावराची चरबी. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेल. साबणावरच्या टीएफएमच्या टक्केवारीवरून एकूण चरबी किती ते कळतं, कोणाची ते नाही.

उरतात ते दुतोंडी घटक: ग्लिसरिन, स्टिअरिक ॲसिड, स्क्वालेन. पहिली दोन तेलातूनही निघतात आणि चरबीतूनही. तिसरं पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही करतात. यादी वाचून हे ठरवता येत नाही. हे विचारावंच लागतं.

आयुर्वेदिक म्हटलं की सगळं झाडपाल्याचं, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. चेहऱ्याला लावायला हल्ली फार खपणारं कुंकुमादि तेल घ्या. त्याच्या पारंपरिक पाठात शेळीचं दूध आणि लाख दोन्ही आहेत. काही कंपन्या ते वगळून करतात, काही करत नाहीत. शिवाय अशा बऱ्याच तेलांचा आणि लेपांचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा असतो, सौंदर्यप्रसाधनाचा नाही, म्हणजे वर सांगितलेली बंदी तिथे गृहीत धरू नये.

कंपनीला लिहा

प्रत्येक पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी पत्ता, फोन, ईमेल छापणं बंधनकारक आहे. त्या ईमेलवर लिहा. 'तुमचा माल क्रुएल्टी-फ्री आहे का?' असं विचारलंत तर 'होय, आम्हाला प्राणी प्रिय आहेत' एवढंच उत्तर येईल. प्रश्न असे विचारा:

– तयार मालाची किंवा कच्च्या मालाची चाचणी तुम्ही, तुमचे पुरवठादार किंवा तुमच्या वतीने आणखी कोणी प्राण्यांवर करतं का?
– पुरवठादारांकडून लेखी हमी घेतली आहे का, आणि कोणत्या तारखेपासून?
– प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असलेल्या देशात तुमचा कोणता माल विकला जातो?
– अमुक मालाच्या अमुक शेडमधलं ग्लिसरिन, स्टिअरिक ॲसिड आणि रंग कशापासून आले?

उत्तरात काय गाळलंय ते बघा. 'आम्ही स्वतः चाचणी करत नाही' म्हणजे दुसरा कोणी करत असेल. 'तयार मालाची चाचणी होत नाही' यात घटक सुटले. 'कायद्याने आवश्यक असेल ते सोडून' हे तर सरळ होच आहे. दोन आठवडे उत्तरच आलं नाही, तर मी तो ब्रँड घेत नाही. एवढ्या साध्या प्रश्नाला माहीतगार माणूस एका दिवसात उत्तर देतो.

ब्रँडचा मालक कोण, हेही पाहून ठेवा. १९७६ मध्ये सुरू झालेला 'द बॉडी शॉप' प्राण्यांवरच्या चाचणीविरुद्धच्या मोहिमांसाठी ओळखला जायचा. २००६ मध्ये तो, प्राण्यांवरच्या चाचणीवरून टीका झालेल्या 'लॉरिआल' या मोठ्या फ्रेंच कंपनीने घेतला, आणि बऱ्याच जुन्या ग्राहकांना ते रुचलं नाही. २०१७ मध्ये तो पुन्हा विकला गेला. मूळ कंपनीमुळे ब्रँड टाकायचा की नाही, यावर व्हेगन मंडळींतही एकमत नाही. माझ्या मते ब्रँडची स्वतःची हमी पक्की असेल तर घ्यायला हरकत नाही. खरेदी-विक्रीची बातमी आली की यादी पुन्हा तपासा, एवढंच.

बिनब्रँडच्या वस्तू

बचत गटाच्या स्टॉलवरचं, जत्रेतलं, घरातलं सामान कुठल्याच यादीत नसतं. तिथे करणारी बाई समोर असते, हे उलट सोयीचं. "काकू, काजळ कशावर धरलंय?" असं विचारा. तुपाच्या दिव्यावर धरून तुपातच कालवलं असेल तर ते व्हेगन नाही. एरंडेलाचं असेल तर आहे. कुंकवाखाली लावायचं जुन्या पद्धतीचं मेण मधमाशीचंच असतं. हळदीला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी लावून केलेल्या कुंकवात प्राण्याचं काही नाही. 'गावठी' साबणात दूध किंवा मध असेल तर ते लपवत नाहीत, मोठ्या अक्षरात लिहितात. ब्रशचे केसही विचारून घ्या, मऊ ब्रश शेळीच्या किंवा खारीच्या केसांचे असू शकतात. 'सिंथेटिक' असं लिहिलेलं हवं.

खोटा दावा सापडला तर बिल, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो आणि कंपनीचं ईमेल जपून ठेवा. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'क्रुएल्टी-फ्री'सारखा मोघम शब्द जाहिरातीत पुराव्याशिवाय वापरता येत नाही. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.