दारू प्यालेल्या चालकाने उडवलं? निदान या चुका करू नका

सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात मी एकवीस वर्षं जखमींचे दावे चालवतोय. समोर बसलेल्या पक्षकाराचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "वकीलसाहेब, तो फुल्ल प्यायला होता, सगळ्या गावानं बघितलंय." मी विचारतो, केसपेपरवर काय लिहिलंय? मग घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

"गाडीवरून पडला"

या दोन शब्दांपुढं मी इतक्या वेळा डोकं फोडलंय की सगळ्यात आधी तेच सांगतो. दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या एका पोराला पहाटे मागून कारने ठोकलं. कारवाल्याला धड उभंही राहता येत नव्हतं. पोराला दवाखान्यात नेलं त्याच्या दाजींनी. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दाजी म्हणाले, "गाडीवरून पडला." पोलीस केस झाली तर उपचार अडतील, अशी त्यांना भीती. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहिलं. फिर्याद अकराव्या दिवशी झाली.

विमा कंपनीच्या वकिलांनी तोच केसपेपर पुढे ठेवला. म्हणाले, हा स्वतः घसरून पडला, आमची गाडी मागाहून गोवली. आम्ही पंचनामा काढला, मोटारसायकलच्या चेपलेल्या मागच्या मडगार्डचे फोटो दिले, दाजींना साक्षीला उभं केलं. पिंजऱ्यात तो माणूस ढसाढसा रडला. निकाल आमच्या बाजूने लागला, पण सहा वर्षांनी. तोवर मांडीतला रॉड काढायला घरच्यांनी म्हैस विकली होती.

उपचार अडत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की डॉक्टरांनी कुठल्याही सोपस्काराची वाट न बघता जखमीवर उपचार करायचे. शिवाय २०२५ पासून ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातानंतरचे सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख न भरता होतात. त्यामुळे डॉक्टरांना पूर्ण वाक्य सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने धडक दिली, चालक प्यालेला दिसत होता. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करायला लावा आणि लिहिलेलं वाचून घ्या. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय की केसपेपरचा फोटो त्याच रात्री मला पाठवा, मग कितीही वाजलेले असोत.

रक्ताचा नमुना पोलीस घेतीलच, असं समजणं

१०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ लागतं. पण रक्तातली दारू तासागणिक उतरत असते. रात्री अकराच्या अपघातातल्या चालकाला दुसऱ्या दिवशी दुपारी तपासलं तर अहवालात काय उरणार? अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असं कायद्यातच आहे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पोर्श कारने दोघांचा जीव घेतला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. म्हणून तोंडी विनंतीवर माझा विश्वास नाही. नातेवाइकाने दोन ओळींचा अर्ज लिहावा: चालकाची श्वास आणि रक्त तपासणी करावी. पोलीस ठाण्यात द्यावा आणि झेरॉक्सवर आवक शिक्का घ्यावा. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

नमुना राहूनच गेला तर? दावा बुडत नाही. न्यायाधिकरणात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा असतो आणि तो चाकांच्या खुणांवरून, गाड्यांच्या नुकसानीवरून, साक्षीदारांवरूनही होतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणूनही दावा संपत नाही, कारण इथे पुराव्याचा निकष सौम्य आहे. खटल्याच्या निकालाची वाट बघत बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

दारूचा विषय लपवणं

"दारू निघाली तर विमा कंपनी हात वर करेल, त्यामुळे बोलूच नका," असा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास मिळतो. मला या शॉर्टकटचा मनापासून राग येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला तसा बचाव घेता येतो, हे खरं. पण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्या बाबतीत न्यायालयांनी "आधी जखमीला द्या, मग मालक-चालकाकडून वसूल करा" असे आदेश दिलेले आहेत. खोटा जबाब मात्र उलटतपासणीत उघडा पडतो आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पोलीस ठाण्याच्या आवारात मिटवणं

चालकाचे नातेवाईक हात जोडतात, चाळीस हजार पुढे करतात, "तक्रार नाही" असं लिहून घेतात. सही करण्यापूर्वी हा हिशेब बघा. वय २८, स्वतःचा धंदा, महिना १५ हजार कमाई. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की २१ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ५२ हजार. वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक या वयाला १७. कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असेल, तर एवढ्याच एका बाबीखाली १२ लाख ८५ हजार होतात. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. हे टक्के नुसत्या हातापायाचे नसतात, तुमच्या कामाचे असतात. हात गेला तर कारकुनाचं नुकसान वेगळं, सुताराचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच हे स्पष्ट केलंय. हाड जुळायच्या आधी, अपंगत्वाचा दाखला हातात नसताना लोकअदालतीत घाईने तडजोड करणारेही असेच फसतात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मुदत: कलम १६६ चा, म्हणजे न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्यावर विसंबू नका.

ठिकाण: अपघात लांब झाला म्हणून तिथेच हेलपाटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

कलम १६४: गंभीर दुखापतीला दोष सिद्ध न करता अडीच लाख मिळतात. पण विमा कंपनीशी तडजोडीत ही रक्कम स्वीकारली की १६६ चा मोठा दावा संपतो. आधी विचारा, मग घ्या.

गाडी पळून गेली: तरीही अशा अपघातांसाठीच्या सरकारी योजनेखाली गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. "नंबरच नाही" म्हणून घरी बसू नका.

टक्केवारी: खाटेशी येऊन "निम्मे तुमचे, निम्मे आमचे" म्हणणाऱ्या एजंटाला वाट दाखवा. वकिलाला भरपाईत वाटा ठरवायला नियमाने बंदी आहे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

बिलं: मेडिकलची गुळगुळीत कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी पडतात. घेतली त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ बिल प्रतीला टाचून ठेवा.